डिस्कवरचा सिनेमा: उतरवून ठेवायचा की सोडून द्यायचा?

आम्ही चिपळूणच्या एका महिला मंडळातल्या नऊजणी. बोलते आहे एकटीच, पण कागदावरचं सगळ्यांनी मिळून लिहिलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणते.

आजचा विषय साधा आहे. तुमच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात, माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर सीडी-डीव्हीडीचा एक गठ्ठा पडलेला असेल. काही विकत आणलेले सिनेमे, काही लग्नाच्या शूटिंगच्या, एखादी बारशाची, एखादी शाळेच्या गॅदरिंगची. प्लेअर बंद पडून वर्षं झाली. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. मग हे सगळं संगणकावर उतरवून घ्यायचं का? की भंगारवाल्याला द्यायचं आणि मोकळं व्हायचं? आम्ही गेल्या पावसाळ्यात हे काम केलं. त्यात काय कमावलं आणि काय फुकट गेलं, तेवढं सांगतो.

सुरुवात पुरापासून करायला हवी. २२ जुलै २०२१. पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. आमच्यातल्या पाचजणींची घरं खालच्या भागात. फ्रीज, धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर आम्ही आधी भांडी धुतली, मग कपडे, मग कागदपत्रं वाळत घातली. डिस्कचे डबे सगळ्यात शेवटी हाताला लागले. कुणी म्हणालं टाका, कुणी म्हणालं राहू द्या. शेवटी बादलीत धुऊन, दोरीवर रुमाल वाळत घालावेत तशा ओळीने टेकवून वाळवल्या आणि पिठाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवल्या. तो डबा काही वर्षं तसाच राहिला.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या सासूबाई गेल्या. दिवस झाल्यावर ती म्हणाली, “आईंचा फोटो आहे, पण आवाज कुठेच नाही. नणंदेच्या लग्नात त्या घाणा भरताना गायल्या होत्या. त्या सीडीत असतील.” तेव्हा डबा उघडला.

पाच घरांतल्या मिळून ११८ डिस्क निघाल्या. त्यातल्या ६१ दुकानातून आणलेल्या सिनेमांच्या. उरलेल्या ५७ घरच्या: लग्नं, मुंज, वाढदिवस, गॅदरिंग, शिमग्यातली पालखी, आणि जत्रेत घेतलेल्या शक्ती-तुऱ्याच्या काही. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह एकीच्या भावाकडून उसना आणला, एक हार्ड डिस्क वर्गणीतून घेतली आणि दर रविवारी दुपारी बसायचं ठरवलं.

आणि पहिल्याच रविवारी आम्ही चूक केली. आम्ही सिनेमांपासून सुरुवात केली.

का केली, ते समजण्यासारखं आहे. त्या डिस्क चांगल्या दिसत होत्या, वर रंगीत चित्रं होती, आणि त्यांच्यासाठी पैसे मोजले होते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, ते तुम्हाला आठवत असेल. त्याआधी सिनेमाची डिस्क घेणं म्हणजे चैन होती. त्या भावाला मात्र किराणा आणायला गेलं की एखादी पिशवीत पडायची. ‘अशी ही बनवाबनवी’ तर आमच्या पाच घरांत मिळून तीन निघाल्या.

दोन रविवार घालवून आम्ही अकरा सिनेमे उतरवले. त्यानंतर आजपर्यंत त्यातला एकही आम्ही पाहिलेला नाही.

याचं एक कारण डोळ्यांना दिसणारं आहे. व्हीसीडी हे तंत्र १९९३ मधलं. तिच्यावरचं चित्र आडवं ३५२ आणि उभं २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे एकूण साधारण एक लाख ठिपके. आता घरोघरी जे मोठे टीव्ही आहेत, त्यातल्या फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. एका वाटीचं पीठ वीस वाट्यांच्या परातीत पसरलं तर जे दिसेल तेच पडद्यावर दिसतं. तोंडं पुसट, अक्षरं फुटलेली. उतरवून घेतल्याने चित्र सुधारत नाही, होतं तेवढंच राहतं. डीव्हीडी बरी, तिचं चित्र ७२० बाय ५७६ चं, व्हीसीडीच्या चौपट. पण तोच सिनेमा टीव्हीवर दर दोन महिन्यांनी लागतो, तोही अधिक स्वच्छ.

दुसरं कारण वेळ. मशीन चालू करून दिलं की झालं, असं वाटतं. तसं नसतं. डिस्क धुवायची, पुसायची, घालायची. चांगली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत उतरते, चरे असतील तर मशीन घरघरत बसतं आणि तासही जातो. मग उतरलेलं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघायचं. त्याला नाव द्यायचं. व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात, त्यामुळे सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर असतो, म्हणजे एका सिनेमाला हे सगळं दोनदा-तीनदा करायचं. दुसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकीने घड्याळ दाखवून विचारलं, “घरी माझं दळण पडलंय, मुलाचा अभ्यास पडलाय. टीव्हीवर फुकट लागणाऱ्या सिनेमासाठी मी इथे का बसलेय? आपल्या वेळेला काही किंमत आहे की नाही?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. तिथे आम्ही थांबलो आणि डिस्कचे तीन ढीग केले. तुम्हीही हे काम काढलंत तर ढिगांपासूनच सुरुवात करा.

पहिला ढीग: जे दुसरीकडे सहज मिळतं. गाजलेले सिनेमे, हिंदी गाणी, कार्टून. हे उतरवायच्या भानगडीत पडू नका. डिस्क ठेवायची असेल तर ठेवा, नसेल तर ज्याच्याकडे प्लेअर चालू आहे त्याला द्या.

दुसरा ढीग: जे विकत घेतलेलं आहे, पण आता कुठे मिळत नाही. आमच्या डब्यात एक जुना मराठी सिनेमा होता, जो खूप शोधूनही आम्हाला कुठल्याच ॲपवर सापडला नाही. आणि जत्रेतल्या शक्ती-तुऱ्याच्या सीडी. त्यातले दोन शाहीर आता नाहीत. ॲपवरचे सिनेमेसुद्धा कायमचे नसतात बरं का. करार संपला की काढून टाकतात. तेव्हा हा ढीग बाजूला ठेवा, आणि त्याला हात लावण्याआधी कायद्याचं नीट समजून घ्या.

आमच्यात एक वकील आहे, तिने सांगितलं ते असं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात स्वतःच्या खासगी वापरासाठी योग्य मर्यादेत वापर करायची मुभा आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. दुकानातल्या बऱ्याच डीव्हीडींना आतून एक कुलूप घातलेलं असतं. हक्क डावलण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. व्हीसीडीला तसं कुलूप नसतं, पण म्हणून तिच्या प्रती काढून वाटायला परवानगी आहे असं नाही. तिचा सल्ला सरळ होता: कुलूप असेल तिथे हात लावू नका. जे उतरवाल ते स्वतः विकत घेतलेलं असू द्या आणि स्वतःच्या घरातच राहू द्या. उसनी आणलेली डिस्क उतरवायची नाही. भिशीच्या ग्रुपवर पाठवायचं नाही, पेन ड्राइव्हमधून गल्लीत फिरवायचं नाही. शाहिरांचं पोट त्या सीडीवर चालत होतं, हे आपण विसरायला नको. आम्ही त्या दोघांपैकी एकांच्या मुलाला जाऊन भेटलो. त्याच्याकडे वडिलांची एकही सीडी उरली नव्हती. त्याला आमची मूळ सीडी देऊन आलो. त्याने ती उतरवून घेतली आणि एक प्रत आपण होऊन आम्हाला दिली.

आता तिसरा ढीग, आणि खरं काम इथेच आहे. घरची शूटिंग. इथे कुलूप नसतं आणि कायद्याची भीतीही नाही. त्याच कायद्याचं १७ वं कलम सांगतं की पैसे देऊन कुणाकडून चित्रीकरण करून घेतलं, आणि वेगळा काही करार केलेला नसेल, तर त्याचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या लग्नाची सीडी तुमच्या घरची. मध्ये घातलेली सिनेमाची गाणी तेवढी दुसऱ्याची, म्हणून ती सगळीकडे चढवू नका.

आणि हा ढीग सगळ्यात नाजूक असतो. कारण ऐका. दुकानातली डिस्क कारखान्यात छापलेली असते, तिची खालची बाजू रुपेरी दिसते. शूटिंगवाल्याने दिलेली डिस्क मशीनवर ‘राइट’ केलेली असते. तिची खालची बाजू निळसर, हिरवट नाहीतर जांभळट दिसते, कारण आत रंगाचा एक थर असतो आणि त्या रंगात सगळं लिहिलेलं असतं. कपडा उन्हात विटतो तसा हा रंगही ऊन, उष्णता आणि दमटपणाने विटतो. कोकणात काय होणार ते सांगायला नको. म्हणजे ज्याची दुसरी प्रत जगात कुठे नाही, तेच आपण सगळ्यात कच्च्या वस्तूवर ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट. आपल्याला वाटतं खालची चकचकीत बाजू जपायची आणि वरची बाजू कशीही चालेल. सीडीचं उलट आहे. सीडीत मजकुराचा थर वरच्या बाजूला, नावाच्या अगदी खाली असतो, त्यावर लाखेसारखा पातळ लेप असतो. खालच्या बाजूला प्लास्टिकची जाडी असते, तिथला बारीक चरा बऱ्याचदा पुसून, घासून निभावतो. वरच्या बाजूचा चरा म्हणजे मजकूरच खरवडला. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा धट्टी. तेव्हा सीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका. आणि वर चिकटवलेला कागद असेल, आपल्याकडे नवरा-नवरीचा फोटो छापून लावतात तो, तर तो कधीही ओढून काढू नका.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. त्या घाण्याच्या सीडीवर असाच कागद होता. पुराच्या पाण्याने तो फुगला होता. धुताना आमच्यातल्याच एकीने सोलला. कागदाबरोबर कडेचा रुपेरी थर पापुद्र्यासारखा निघून आला. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. इतक्या दिवसांनी सीडी उजेडासमोर धरली तर कडेने आरपार दिसत होतं. जिने सोलला होता तिचं तोंड एवढंसं झालं.

सीडी मशीनमध्ये घातली. फाइल दिसली. नेहमीसारखी उचलून ठेवायला गेलो तर थोडं पुढे जाऊन थांबली आणि आलेलंही पुसलं गेलं. दोनदा, तीनदा तसंच. मग एकीच्या कॉलेजातल्या मुलाने खराब जागा ओलांडून जमेल तेवढं वाचणारं एक मोफत सॉफ्टवेअर लावून दिलं. आणि एक गोष्ट आमच्या बाजूने होती. सीडीवरचं लिखाण मधल्या भोकाच्या बाजूने सुरू होतं आणि बाहेर कडेकडे जातं. कड गेली होती, म्हणजे शेवट गेला होता. सुरुवात आतल्या बाजूला शाबूत होती. आणि लग्नाच्या शूटिंगची सुरुवात कशाने होते? घाण्याने.

सव्वीस मिनिटं मिळाली. मंडप, मुसळाला बांधलेली आंब्याची पानं, सुवासिनी, आणि मग पांढऱ्या केसांच्या, नाकात नथ घातलेल्या त्या सासूबाई. खालच्या आवाजात सुरू केलं, मग बाकीच्यांनी उचललं. एक गाणं पूर्ण आलं. दुसरं अर्ध्यावर तुटतं. हळद, सप्तपदी, पाठवणी यातलं काहीच मिळालं नाही. आमची मैत्रीण ऐकत राहिली. मग म्हणाली, “पुन्हा लावा.” दळणाचं विचारणारी आमची वहिनी तिच्या शेजारीच बसली होती. त्या दिवशी तिने घड्याळ बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते गाणं ऐकून वहीत उतरवून काढलं. दोन ओळी कुणालाच कळेनात, त्या पलीकडच्या वाडीतल्या एका आजींनी सांगितल्या. तुटलेलं दुसरं गाणंही त्यांनीच पुरं केलं. डिस्कवर नव्हतं ते माणसाच्या तोंडी होतं. तुमच्या वाडीत अशी आजी असेल तर डिस्कच्या आधी तिच्याकडे जा. फोनवर आवाज भरून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

तर हिशेब असा. घरच्या ५७ डिस्कपैकी ४१ पूर्ण उतरल्या, ९ अर्ध्यामुर्ध्या, आणि ७ गेल्या त्या गेल्याच. सगळ्यांचे मिळून सत्तरेक तास गेले असतील. त्यातले पहिले दोन रविवार वाया.

आता करायचं ठरवलंत तर थोडक्यात कृती सांगते, लिहून घ्या.

डिस्क साध्या पाण्याने धुवा, फार चिकट असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. जुन्या मऊ सुती साडीच्या फडक्याने पुसा, पण गोल गोल नाही. मधून सरळ कडेकडे. चरा गोल पडला तर तो लिखाणाच्या ओळीच्या दिशेने जातो आणि मशीनला वाचता येत नाही. आडवा चरा मशीन बऱ्याचदा ओलांडून जातं.

व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यातल्या ‘डॅट’ फाइलमध्ये चित्र असतं. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो, तो अख्खा उचलून ठेवा. व्हीएलसी नावाच्या मोफत प्लेअरवर दोन्ही चालतं. लहान करायच्या, बदलायच्या फंदात लगेच पडू नका. मूळ आहे तसं आधी ठेवा, मुलांना फोनवर पाठवायला लहान प्रत नंतर काढता येते. जागेची चिंता नको. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशे मावतात.

नाव देताना साल, कुणाचं काय आणि गाव लिहा. “२००४, धाकट्या नणंदेचं लग्न, गुहागर” असं. नाहीतर वीस वर्षांनी “नवीन फोल्डर ३” मध्ये काय आहे ते कोण सांगणार?

आणि शेवटचं, पुराने शिकवलेलं. प्रती दोन करा आणि दोन घरांत ठेवा. एकाच कपाटात दोन हार्ड डिस्क ठेवल्या तर त्या दोन नव्हेत, एकच. आमची एक खाली बाजारात आहे, दुसरी वर डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणीकडे. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही लावून बघायच्या असं ठरवलंय. मूळ डिस्कही फेकलेल्या नाहीत.

मग या खटाटोपाचा उपयोग आहे का? सिनेमासाठी विचाराल तर बहुतेक वेळा नाही. सिनेमाला सांभाळणारे आहेत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, कंपन्या आहेत, वाहिन्या आहेत. तुमच्या घरच्या घाण्याला, गॅदरिंगमधल्या नाचाला, अंगणात नाचणाऱ्या पालखीला सांभाळणारं दुसरं कुणी नाही. त्याची एकच प्रत आहे आणि ती आत्ता या पावसात विटते आहे.

तेव्हा सगळा गठ्ठा उतरवू नका. या रविवारी फक्त ढीग करा, आणि तिसऱ्या ढिगातली एकच डिस्क निवडा, जिच्यात आज नसलेल्या माणसाचा आवाज आहे ती. ड्राइव्ह नसेल तर मंडळात या, आमचा ड्राइव्ह आता स्वतःचा आहे. डिस्क आणाल तशी आणा, पण वरचा कागद मात्र सोलू नका हं.

नमस्कार.